करपलेली साखर

आमच्या टॉफीच्या खोक्यासाठी मुलानं इतिहास लिहिलाय: "आजीनं शोधलेली टॉफी." डोंबलाचं शोधलं! नवी नवरी होते, माझ्या हातून साखर करपली. नासाडी नको म्हणून मीच वरून दूध ओतलं, आणि त्यातून ही टॉफी झाली. बघायला एकट्या सासूबाई होत्या. चाळीस वर्षं त्यांनीच मिरवलं.

आता त्या अंथरुणाला खिळल्यात आणि खोकी उद्या छापायला जाणार. जन्मात कुणापुढे न वाकलेली मी, मुलासमोर त्यांचे पाय धरून बसले. "आई, जाता जाता एकदा तरी खरं सांगा हो. त्या दिवशी काय झालं?"

त्यांनी डोळे उघडले.



"टॉफी माझी. साखर तू करपवलीस. कढई घासलीस का?"