राहून गेलेली रेघ

मिस्त्रीकाकांनी टायरवरून तळवा फिरवला. आतून बाहेर, मग बाहेरून आत. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ये, हात लावून बघ," ते बाळाच्या आईला म्हणाले.

बाळाला कडेवर सावरत ती वाकली. एका दिशेनं टायर गुळगुळीत लागला. उलट्या दिशेनं करवतीसारखा टोचला.

"अगंबाई! एकाच टायरचे दोन स्वभाव?"

"चाक सरळ धावत नाहीये. तिरकं घासत चाललंय."

नवरा पलीकडे हाताची घडी घालून उभा होता. डोंगरातल्या वाटांसाठी नव्या स्प्रिंगा घालून गाडी तीन इंच उंच केली ती त्यानंच, घरच्या अंगणात. तेव्हापासून ती रस्त्यावर भरकटायची आणि पुढचे टायर खायची. त्यानं हवा तपासली, चाकं अदलून बदलून पाहिली, स्प्रिंगवाल्याच्या नावानं बोटं मोडली. शेवटी बायकोनं सांगून टाकलं, कारण सापडेपर्यंत बाळ या गाडीत बसणार नाही. आणि उद्या तर बाळाला घेऊन घाटातून आजीकडे जायचं होतं.

"नाही सापडलं तर जुन्या स्प्रिंगा परत घालतो," तो मघाशी तिच्याकडे न बघता म्हणाला होता.

काका टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. ती शेजारी उकिडवी बसली.

"काका, या नटांवर पांढऱ्या रेघा कसल्या?"

"नट आवळला की वर रेघ ओढायची. पुढे कधी नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. काम चोख आहे हो पठ्ठ्याचं!"

नवऱ्याच्या हातांची घडी जरा सैल झाली.

तिची नजर एकेका रेघेवरून सरकत गेली. "मग याला का नाही?"

काका थांबले. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, त्याचं उजवं टोक. त्यांनी तिथल्या नटाला बोटं लावली. नट बोटांनीच फिरला.

"हा दांडा फिरवून चाकांचा रोख जुळवतात आणि मग हा नट आवळतात. तो ढिला राहिला की दांडा आपला आपण फिरतो." ते बाहेर आले. "एवढ्या रेघा ओढल्यास लेका, इथंच कुठं गेलं होतं ध्यान?"

नवरा गुडघ्यांवर बसून बघत राहिला. मग त्यानं बाळाकडे पाहिलं.

"पाना लावलाच होता," तो हळूच म्हणाला. "तेवढ्यात हिनं आतून हाक मारली. कळा सुरू झाल्या होत्या."

काकांनी बाळाकडे बोट रोखलं. "म्हणजे चोर कडेवरच आहे!"

चोर आईची ओढणी चघळत होता. बाळाच्या पहिल्या फोटोत बापाची बोटं काळीकुट्ट का, ते तिला आत्ता उमगलं.

काकांनी रोख पुन्हा जुळवला. नवऱ्यानं नट आवळला, दोनदा खात्री केली, खिशातून पांढऱ्या रंगाचं पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिनं रेघ ओढली. मध्येच बाळानं पेनावर झडप घातली.

"वाकडी आली रे."

"असू दे," तो म्हणाला.

ती उठली, तिनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि ती तीन इंच उंच झालेली पायरी बाळासकट चढली.