चाकाखालचं लिंबू

“चालवणार कोण?” काउंटरमागून दुकानदार मियागी-सानने विचारलं. सत्यजितने हात वर केला, शाळेत करतात तसा.

ओकिनावाच्याही खाली असलेल्या त्या बेटावर गाड्या भाड्याने देणारं हे एकच दुकान होतं आणि दुकानात एकच गाडी उरली होती. पांढरी, डबीएवढी. सत्यजितने करड्या रंगाची पुस्तिका काढली. इंटरनॅशनल परमिट, गेल्याच महिन्यात दहा दिवस पुण्याला गेला तेव्हा एजंटाकडून करून आणलेलं. मियागी-सानने ती पानन्‌पान वाचली आणि दोन्ही हातांनी परत केली.

“फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “पण चालणार नाही.”

जपानमध्ये राहणाऱ्याला असं परमिट वापरायचं तर आधी तीन महिने देशाबाहेर काढावे लागतात. सत्यजितने सांगितलं की आपण कॉलेजपासून गाडी चालवतो, तीही लक्ष्मी रोडवर. मियागी-सानने मान झुकवून सहानुभूती दाखवली. परमिटला हात लावला नाही.

तेव्हा कस्तुरीने पर्समधून कार्ड काढून काउंटरवरच्या ट्रेमध्ये ठेवलं. जपानी लायसन्स. फोटोत ती हसत नव्हती. आत्ताही नव्हती.

सत्यजित बायकोकडे बघत राहिला. “तू तर दोनदा नापास झाली होतीस ना?”

“चारदा. दोनदा झाल्यावर तू तुझ्या तोयोसुच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलंस. मग मी तुला सांगणं बंद केलं.”

“चारदा नापास झालेल्या बाईच्या गाडीत आईला बसवू?”

“पहिल्यांदा गाडीखाली वाकून बघितलं नाही म्हणून नापास. दुसऱ्यांदा फार वेळ बघत बसले म्हणून. चालवण्याबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही.”

“आपण बसने जाऊ.”

बस नुकतीच गेली, असं मियागी-सान अतिशय नम्रपणे म्हणाला.

“पुढची कधी?”

“बुधवारी.”

सोमवार होता.

“मग इथेच बसू,” सत्यजित म्हणाला. “पंखा आहे. समुद्र काय, विमानातून दिसलाच.”

“पुण्यात किल्ली मागितली की म्हणायचास, ट्रॅफिक फार आहे. इथे जपानात फुनाबोरीच्या घरी आल्यावर म्हणालास, गाडीच नाही तर लायसन्स कशाला. आता गाडी आहे, आणि ट्रॅफिक तो बघ.”

समोरच्या रस्त्यावर एक बकरी होती. तीही बसलेली.

कस्तुरीने किल्ली उचलली.

बाहेर वेगळंच चाललं होतं. काउंटरवरच्या टोपलीत इथली छोटी हिरवी लिंबं फुकट ठेवली होती. सत्यजितच्या आई, प्रभावतीबाई, त्यातली चार घेऊन मघाशीच बाहेर गेल्या होत्या आणि त्यांनी गाडीच्या प्रत्येक चाकाखाली एकेक ठेवलं होतं. अनोळखी गाडीत लिंबू चिरडल्याशिवाय त्या आजवर बसलेल्या नव्हत्या. आता मियागी-सान ओरखडे तपासायला गाडीभोवती फिरला. त्याला पहिलं लिंबू सापडलं, मग दुसरं, मग बाकीची. त्याने चारही रुमालाने पुसली, कागदी कपात भरली आणि कप दोन्ही हातांनी प्रभावतीबाईंसमोर धरला.

“तुमची पडली होती.”

प्रभावतीबाईंना जपानी येत नव्हतं. त्यांनी हसून कप घेतला, आणि लिंबं पुन्हा चाकांखाली ठेवली. मियागी-सानने पुन्हा काढली, पुन्हा पुसली. असं आणखी एकदा झालं. दोघांपैकी कोणाचाही आवाज चढला नाही.

शेवटी कस्तुरी मध्ये पडली आणि जपानीत म्हणाली, “राहू द्या. आमच्यात असंच असतं.” मियागी-सान मागे सरला. प्रभावतीबाईंनी चौथ्यांदा लिंबं लावली. कस्तुरीने परीक्षेसाठी शिकवल्याप्रमाणे गाडीला फेरी घातली, चारही ठिकाणी वाकून बघितलं आणि दार उघडलं.

“आई, चार लिंबांनी काय होणार,” सत्यजित म्हणाला. “मी चालवत नाहीये. ही चालवतेय.”

“कस्तुरी?”

“हो.”

“मग आधी सांगायचं नाही का,” म्हणत प्रभावतीबाई वाकल्या आणि तीन लिंबं काढून त्यांनी पिशवीत टाकली. “तू चालवणार म्हणून चार ठेवली होती. आता एक पुरे.”

मग त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. “सत्या, तू मागे बस. बॅगा धर.”

लिंबू फुटल्याचा आवाज तिघांनाही नीट ऐकू आला. बकरी उठून बाजूला झाली. मियागी-सान रस्त्याच्या कडेला कमरेत वाकला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकून राहायचं, अशी पद्धत असते. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना नुसता ऊस, त्यामुळे त्याला बराच वेळ तसंच राहावं लागलं.

बेटाला रस्ताही एकच होता, समुद्राच्या कडेने गोल. प्रभावतीबाईंनी खिडकी खाली केली आणि पदर उडू दिला. मागे सत्यजित मांडीवर बॅग घेऊन बसला होता आणि प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता.

“झाली ना हौस?” उसापलीकडे दुकानाचं छप्पर दिसायला लागल्यावर तो म्हणाला. “आता थांब आणि गाडी परत दे. बुधवारी बसने फिरू.”



दुकानासमोर मियागी-सान रस्त्यावर येऊन उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत कागदी कप होता आणि कपात ते चपटं झालेलं लिंबू, स्वच्छ पुसलेलं.

कस्तुरीने आरशात पाहिलं. मग शिकवल्याप्रमाणे मान वळवून मागे पाहिलं. मागे सत्यजित होता. तिने पुढे बघितलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

“अगं, तो काहीतरी देतोय,” सत्यजित म्हणाला.

प्रभावतीबाईंनी खिडकीतून मियागी-सानला नमस्कार केला. “जाऊ दे गं,” त्या सुनेला म्हणाल्या. “पुढच्या फेरीला घेऊ.”