घमेल्यातलं विसर्जन

कात्री वहीच्या मधोमध चालली होती, आणि ती वही कुशाबाईंच्या रामनामाची होती.

सारजा दारातच थांबली. ओसरीवर तिची लेक निकिता मांडी घालून बसली होती. पुढ्यात घमेलं, घमेल्यात चहाचं पाणी, आणि त्या पाण्यात सासूबाईंच्या, कुशाबाईंच्या वह्यांची पानं एकावर एक पिवळी पडत चाललेली. ट्रंकेचं झाकण सताड उघडं. वह्या ज्यात बांधून ठेवत, त्या लाल फडक्याला पोरीनं शाईचे हात पुसले होते.

"आगं कार्टे, काय केलंस ह्ये?"

"कार्डं करतीय. शनवारी बदलायचीत." निकितानं मानसुद्धा वर केली नाही.

बारामतीच्या शाळेत चित्रकलेच्या नव्या बाई आल्या, तेव्हापासून पोरींना या कार्डांचं याड लागलं होतं. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड. खाली जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. त्यावर लिहिलेला कागद चहात भिजवून चिकटवायचा. वाळला की मेणबत्ती घासायची नि निळी शाई फासायची. मेण लागलेल्या जागी शाई बसत नाही, तिथून खालची अक्षरं धुक्यातून दिसावीत तशी दिसतात. कडेला साडीच्या काठाची जर शिवायची, मागं आपलं नाव घालायचं. कार्ड विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही. आपलं द्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं.

"छापील कागद नगं म्हनल्या बाई. हातानं लिवलेला पायजे. आपल्यात आज्जीएवढं कोन लिवतंय?"

"म्हनून देवाच्या वह्या फाडायच्या?"

"आज्जीच म्हनती की, भरलेल्या वह्या नरसिंगपूरला संगमावर पान्यात सोडायच्यात म्हनून. मी घमेल्यात सोडल्या."

सारजाचा उगारलेला हात तसाच राहिला. दहा वर्षं. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, मग वहीचं एक पान. पान भरल्याशिवाय कुशाबाईंच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. तापानं फणफणल्या तरी उठून बसत, डाव्या हाताचा आडोसा करून लिहीत. अख्ख्या कन्हेरी गावातल्या बायका त्यांच्या पाया पडत. गेल्या साली पत्र्यातून गळून एक वही ओली झाली, तर दोन दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या. आणि आज घमेल्यात चार वह्या होत्या. सोमवारचा उपास, म्हातारी महादेवाला गेलेली. घडीभरात येईल. ही बाई आता अन्नपाणी सोडणार. सत्तरीच्या जिवाला ते सोसणार नाही.

सारजा खाली बसली. एकेक पान उचलून पदरावर पसरू लागली.

"आई," निकिता म्हणाली, "पन शालन ह्यो कोनचा देव गं?"

सारजानं हातातल्या पानाकडं पाहिलं. मग दुसऱ्याकडं. मग तिसऱ्याकडं. सगळ्या पानांवर, वरपासून खालपर्यंत, एकच शब्द होता. शालन. शालन. शालन.

राम कुठंच नव्हता.

शालन म्हणजे सारजाची नणंद. निकिता रांगत होती, तेव्हा तिनं कॉलेजातल्या धम्मदीपशी कोर्टात लग्न केलं. दोघं दारात आली, तेव्हा कुशाबाईंनी आतून कडी घातली होती. "मला लेक झालीच न्हवती," म्हणाल्या. "तिचं नाव ह्या घरात निघालं, तर माझं मेलेलं तोंड बगाल." तेव्हापासून कुणी ते नाव काढलं नाही. पोरीला आत्या आहे, हेही कुणी सांगितलं नाही. वह्या सुरू झाल्या त्या दुसऱ्या दिवसापासून.

मागं तांब्या ठेवल्याचा आवाज झाला.

कुशाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी घमेलं पाहिलं, ट्रंक पाहिली, सुनेच्या पदरावरची ओली पानं पाहिली.

"वाचलंस?"

"व्हय, आत्याबाई."

म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली.

"पयल्या दिशी रामच लिवाय बसले हुते," त्या हळूच म्हणाल्या. "हात तिकडं गेलाच न्हाय बग."

मग त्यांनी वाळत ठेवलेलं एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं. निळ्या शाईखालून स्वतःचंच अक्षर त्यांच्याकडं बघत होतं.

"ह्ये कुनाला द्याचं असतं गं, निके?"

"कुनाला बी. त्येनं बी आपल्याला एक द्याचं."

"लांब असलं मानूस तर?"

"पोष्टानं धाडायचं. पत्ता पायजे पन."

सारजाला वाटलं, आता त्या कार्ड फाडतील, घमेल्यात टाकतील, पान लिहायला बसतील. कुशाबाईंनी डोळे मिटले.

"लिव्ह. सौभाग्यवती शालन धम्मदीप लोंढे, बुद्धविहाराशेजारी, मुक्काम पोस्ट लासुर्णे, तालुका इंदापूर," त्या म्हणाल्या, आणि दम न घेता पिनकोडचे सहाही आकडे सांगितले.