गिऱ्हाईक

"शिक्षण संपलं की इकडेच नोकरी बघतो. माझी मोटरसायकल विकून टाका," असं त्याने बाबांना फोनवर सांगितलं खरं, पण तेव्हापासून त्याचाच जीव थाऱ्यावर नव्हता. परदेशातल्या त्या एवढ्याशा खोलीत पलंग ते खिडकी नुसत्या येरझाऱ्या चालू. टेबलावर अर्थशास्त्राचा प्रबंध उघडा पडलेला, वस्तूंच्या किमती कशाने चढतात आणि कशाने उतरतात यावरचा. त्यातली एक ओळ पुढे सरकेल तर शपथ! गाडीचं एकदाचं मिटलं की मन इकडे रमेल, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"बाबा, गेली का गाडी?" दर फोनला पहिला प्रश्न हाच.

"बाजार थंड आहे रे. गिऱ्हाईकच फिरकत नाही."

"अहो, मग किंमत उतरवा ना! किंमत उतरली की गिऱ्हाईक आपसूक येतं. एवढं शिकतोय मी, एवढं तरी ऐका माझं."

"बरं बाबा, उतरवतो," म्हणून बाबा विषय जेवणाखाणावर न्यायचे.

शेवटी वैतागून त्याने घराजवळच्या गॅरेजवाल्या मित्रालाच फोन लावला. "यार, तूच घेऊन टाक ना ती गाडी. बाबा सांगतील त्या भावाने घे, पण विषय संपव."

मित्राने हातातला पाना खाली ठेवला.



"दोन-तीनदा जाऊन आलोय लेका... काका सांगतील तो भाव मी कबूल करतो, आणि मी हो म्हटलं की काका भाव वाढवतात."