नाहरकत

सहीची फाइल आत गेली तेव्हा एनओसी सातव्या नंबरावर होती, सुट्ट्यांच्या यादीखाली.

डॉ. पेम्बर्टन यांनी सगळीकडे सह्या केल्या. वाचलं काहीच नाही. नऊ वर्षांत वाचलं नव्हतं. वाचायला सेक्रेटरी विनी तुस्कानो होती.

लीड्सहून आलेला हा साधा लेक्चरर मस्कतमधल्या कुरुमच्या कॉलेजात आधी विभागप्रमुख, मग डीन, मग प्राचार्य झाला. तिन्ही अर्ज विनीने लिहिले. भाषणं विनीची, माफीपत्रं विनीची, साडेदहाची बीपीची गोळी विनीच्या हातची. साहेबांनी फक्त इंग्रज असायचं होतं. ते काम ते चोख करत.

आता सोहारच्या नव्या कॉलेजने तिला रजिस्ट्रारची जागा दिली होती. स्वतःची केबिन, स्वतःची सही. प्राचार्य अजून ठरायचे होते; कुणीही चालणार होतं. पण २०१६ सालच्या ओमानमध्ये जुन्या मालकाची एनओसी नसेल तर दोन वर्षं दार बंद. आणि मागितली असती तर साहेबांनी सोडलंच नसतं. म्हणून सातवा नंबर.

"साहेबांना रजेवर जाते म्हणून सांगितलंय. मी वसईला पोचेपर्यंत खरं सांगू नको हां," राजीनामा देताना ती एचआरच्या सॅव्हियोला म्हणाली. "रडतील बिचारे."

"मी कुणाचं कुणाला सांगत नाय, बाय. या ड्रॉवरमध्ये काय काय पडलंय तुला ठाऊक नाय."

"एक ईमेल धड पाठवता येत नाही रे त्यांना. जगतील कसे?"

"जगतात. इंग्रज चिवट असतो."

निघताना साहेबांचं दार बंद होतं. आत ते स्वतः टाइप करत होते, दोन बोटांनी. विनीला भरून आलं. गोळ्या कुठल्या खणात आहेत त्याची चिठ्ठी दारावर चिकटवून ती सुटली.

महिन्याभराने ती वसईहून थेट सोहारला उतरली.

"नव्या रजिस्ट्रार ना? या, या," रिसेप्शनवरची गुलबानू म्हणाली. रत्नागिरीची होती, मराठी बोलायला मिळाल्याने खूश. "प्राचार्य पण कालच आलेत. इंग्रज आहेत. स्वभावाने गरीब, पण फोन वाजला की दचकतात."

"का गं?"

"जुन्या कॉलेजातली कुणी विनी म्हणून आहे. तिचा फोन आला तर मी इथे नाही सांग, बोलले. नऊ वर्षं एक पत्र मनासारखं लिहू दिलं नाही म्हणे तिने. ती रजेवर गेली तेव्हा कुठे पळता आलं." गुलबानूने इंटरकॉम उचलला. "थांबा, आत कळवते. नाव काय सांगू, मॅडम?"