मकबऱ्यातला ठराव

"गाईड नको," भागूबाई फाटकातच म्हणाल्या. "मी सांगते समदं."

करमाडच्या बचत गटातल्या बायका जागीच थांबल्या. महिला दिन असल्यामुळे त्या दिवशी मकबऱ्यात बायकांना तिकीट नव्हते. एसटीला अर्धेच भाडे पडले होते, भाकरी घरून बांधून आणलेल्या होत्या. जवळजवळ फुकटात सहल करून दाखवते, असा शब्द गटाच्या अध्यक्ष या नात्याने भागूबाईंनी दिला होता आणि गाईडपाशी येऊन तो मोडण्याची त्यांची तयारी नव्हती. अडचण एवढीच होती की मकबऱ्याविषयी त्यांना, तो पांढरा आहे यापलीकडे, काहीही ठाऊक नव्हते.

गटातल्याच दगडाबाईंना नेमके हेच ठाऊक होते. सहल करायची तर गाडी करून, माहितगार घेऊन करावी, असे त्यांनी बैठकीत सांगितले होते आणि त्यांचे कुणी ऐकले नव्हते.

"सांगा मग," त्या म्हणाल्या. "नायतर पुढल्या साली सहल माझ्याकडं."

"आधी बघून तर घ्या. सांगायचं ते जेवताना."

आठवडी बाजारात पहिल्याच ढिगाचे शेंगदाणे कुणी घेत नाही. चार ठिकाणी दोन-दोन दाणे तोंडात टाकायचे आणि मग ठरवायचे, ही रीत. भागूबाईंनी तीच इथे लावली. बागेत चार-पाच पार्ट्या आपापले गाईड घेऊन फिरत होत्या. प्रत्येकीच्या शेजारी त्यांनी गटातली एक-एक बाई सोडली. पद्धत सदोष म्हणता येणार नाही. एकाच गोष्टीची अनेक स्वतंत्र मापने घ्यावीत, असे विज्ञानही सांगते. ती दुसऱ्याच्या खर्चाने घ्यावीत, असे मात्र ते सांगत नाही.

दगडाबाई लगेच सापडल्या.

"मौसी," गाईडने हटकले, "तुम हमारी पार्टी में कब से आये?"

"मी सावलीला उभी हाय, बाबा. सावली बी तुझीच का?"

तो पुढे सरकला. सावलीही त्याच्याबरोबर सरकली असावी, कारण थोड्या वेळाने दगडाबाई पुन्हा त्याच्याच शेजारी होत्या.

दुपारी झाडाखाली भाकरी सुटल्या, ठेचा फिरला आणि गोळा केलेली माहिती बाहेर पडू लागली. ती जुळेना. गटातल्या सगिराच्या गाईडने सगळा मकबरा संगमरवरी असल्याचे सांगितले होते. दगडाबाईंच्या गाईडच्या मते संगमरवर फक्त खालच्या भागात होता, वर चुन्याचा गिलावा. भागूबाईंनी सुनेला सायलीला, म्हणजे मुलगा सोमनाथच्या बायकोला, बघून यायला पाठवले. सायली बीएस्सी झालेली होती. तिने भिंतीला जमेल तितक्या ठिकाणी तळहात लावून पाहिला आणि परत आली.

"आत्याबाई, खाली हाताला गार लागतं, वर तसं नाय. वर चुनाच हाय."

एक वाद मिटला. दुसरा असा मिटण्यासारखा नव्हता.

"बादशहानं बेगमसाठी बांधला," सगिरा म्हणाली.

"बादशहानं कशाला? पोरानं बांधला, आईसाठी," दगडाबाई म्हणाल्या आणि भागूबाईंकडे वळल्या. "आता सांगा की अध्यक्षबाई. नवऱ्यानं का पोरानं?"

'माहीत नाही' म्हणणे म्हणजे सहल हातची घालवणे. भागूबाईंनी शांतपणे हात पुसले, पदर सारखा केला आणि बैठकीतल्या आवाजात म्हणाल्या, "ठराव टाकते."

गटातला कुठलाही तंटा शेवटी हात वर करून सुटत असे. इतिहासाचा सुटू नये, याला त्यांना काही कारण दिसले नाही.

"नवऱ्यानं बांधला म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. आधी कुणीतरी फिसकन हसले, मग सगळ्याच.

"आमच्या मालकानं अजून न्हाणीला दार बसवलं नाय," दगडाबाई म्हणाल्या, "आन् त्यो मिनार बांधणार व्हय?"

"ते गाईड बोलला व्हता," सगिराने घाईने सांगितले. "मी नाय बोलले."

तेवढ्यात मागून एक हात वर आला, अर्धा पदराखालीच. तो सायलीचा होता. लग्नाला वर्ष व्हायचे होते. हसू इतके वाढले की कारंज्यापाशी फोटो काढणारी माणसे वळून बघू लागली.

"एक मत," भागूबाई हसू दाबून म्हणाल्या. "आता पोरानं बांधला म्हणणाऱ्यांनी."

या वेळी कुणी हसले नाही. बायका खरोखर विचार करू लागल्या. प्रत्येकीपाशी पुरावा एकाच घरचा होता. पण तो दीर्घ निरीक्षणावर आधारलेला होता.

"घरावरचे पत्रे बदल म्हणून पोराला सांगतेय, दोन पावसाळे गेले," एक जण स्वतःशीच म्हणाली. हात खालीच राहिले. दगडाबाईंचासुद्धा, आणि माहिती तर त्यांचीच होती.

अध्यक्षांचे मत शेवटी. भागूबाईंनी घुमटाकडे पाहिले. सोमनाथचा आजवरचा अनुभव त्यांच्यापाशीही होता. दळणाचा डबा गिरणीतून आणायला त्याला तीनदा सांगावे लागे. पुरावा सगळा विरुद्ध होता. हात तरीही वर गेला.

दगडाबाईंनी सुनेच्या हाताकडे पाहिले, मग सासूच्या. घास तोंडापाशीच राहिला.

"म्हंजे दोघींचा बी भार एकट्या सोमनाथवरच!" त्या म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "ऱ्हाऊ द्या, भागूबाई, पुढल्या साली बी सहल तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पण त्या पोराला आजच फोन लावा. आतापासून दगड गोळा करायला लाग म्हणावं."