पोकळ टोकाची गोळी

"चोरासाठी कशाला हवीय ती महागडी पोकळ टोकाची गोळी? सरावाची पडलीय की घरात!" ओक्लाहोमातल्या बंदुकीच्या दुकानात रस्टी हसला. "लॉइडकाका, गिऱ्हाईक दिसलं की लागलात गळ्यात मारायला!"

"सरावाची गोळी माणसातून आरपार जाते रे. पोकळ टोकाची आत उमलते, तिथंच थांबते. म्हणून सराव संपला की पिस्तुलातल्या गोळ्या आठवणीनं बदलायच्या."

"आणि विसरलं तर?"

"मी विसरलो होतो एकदा. चोराच्या दंडातून आरपार गेली."

"लागली ना त्याला? मग झालं तर!"

"लागली. महिनाभरात बराही झाला तो." लॉइडनं खोका पुढं सरकवला. "पातळ फळीच्या भिंतीपलीकडं आमची सहा वर्षांची लेक डेला झोपली होती."